तिसऱ्या क्रमांकावर कोण? फोर्टीनाइनर्सच्या २०२१ च्या ड्राफ्टचा प्रकरण अभ्यास

२६ मार्च २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने मायामी डॉल्फिन्स या दुसऱ्या संघाशी एक सौदा केला. आपला पहिल्या फेरीतला बारावा क्रमांक, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि वर २०२२ चा तिसऱ्या फेरीतला एक हक्क, एवढं देऊन त्यांनी त्या वर्षीचा तिसरा क्रमांक मिळवला. ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, अजून पाच आठवड्यांवर होता. त्या पाच आठवड्यांत अमेरिकेतले क्रीडा पत्रकार, सट्टेबाज आणि हौशी अभ्यासक यांनी एकाच प्रश्नाचा कीस पाडला: हे कोणाला घेणार? बहुसंख्य लोक मॅक जोन्सचं नाव घेत होते. २९ एप्रिलच्या रात्री क्लीव्हलंडमध्ये नाव पुकारलं गेलं ते ट्रे लान्सचं.

संघाच्या निवडीचा अंदाज कसा बांधावा हे शिकायचं असेल तर मी सगळ्यात आधी हेच प्रकरण पुढे ठेवतो. निव्वळ आश्चर्याचा धक्का देणारे ड्राफ्ट पुष्कळ होतात. इथे मात्र जवळजवळ सगळी माहिती उघड्यावर होती, तरीही लोकांनी तिला चुकीची वजनं दिली.

ज्यांचा अमेरिकन फुटबॉलशी फारसा संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वसंतात कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ सात फेऱ्यांमध्ये पाळीपाळीने उचलतात. मागच्या हंगामात जो तळाला होता त्याची पाळी पहिली. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात पैसा तो बोली वाढवतो, इथे बोली नसतेच. पाळीपाळीने खेळाडू निवडण्याचा प्रकार आपल्याकडेही झाला आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत आयएसएलचा ड्राफ्ट झाला, तेव्हा नव्याने आलेल्या जमशेदपूरने पहिल्याच पाळीला बचावपटू अनस एडाथोडिकाला घेतलं होतं. एनएफएलमध्ये मात्र पाळी हेच चलन आहे. या वर्षीची, पुढच्या वर्षीची, त्याच्याही पुढच्या वर्षीची पाळी विकता येते, विकत घेता येते. त्यामुळे संघाचं मन वाचायचं तर त्याने कुठल्या पाळीसाठी काय मोजलं हे आधी बघायचं. मायामीकडचा तो तिसरा क्रमांकसुद्धा मुळात ह्यूस्टनचा होता, २०१९ मध्ये लॅरमी टन्सिल हा खेळाडू देऊन मिळवलेला.

किंमत काय सांगत होती

नव्वदच्या दशकात डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात पाळ्यांच्या मोलाचा एक तक्ता तयार झाला. जुना झाला तरी सौद्यांच्या चर्चेत तो आजही निघतोच. त्या तक्त्यात तिसऱ्या क्रमांकाला २२०० गुण आहेत आणि बाराव्याला १२००. फरक हजाराचा, म्हणजे सोळाव्या क्रमांकाच्या मोलाइतका. तो भरून काढायला फोर्टीनाइनर्सनी भविष्यातल्या दोन पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी दिली. पुढच्या वर्षांच्या पाळीला सूट देऊन मोजतात हे खरं, पण सूट धरूनही ही किंमत भारी होती.

एवढं मोल संघ जवळजवळ एकाच जागेसाठी मोजतात: क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी सहावरून दोनवर जाताना पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि एक दुसरी फेरी दिली होती. २०१६ मध्ये रॅम्सनी जॅरेड गॉफसाठी आणि ईगल्सनी कार्सन वेन्ट्झसाठी असेच मोठे सौदे केले. अपवाद आहेत. अटलांटाने २०११ मध्ये ज्युलिओ जोन्स या रिसीव्हरसाठी, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यासाठी, बरंच काही दिलं. पण तिथेही दोनच पहिल्या फेऱ्या गेल्या, तीन नाहीत.

पगाराचं गणितही त्याच दिशेला बोट दाखवत होतं. कोविडमुळे २०२१ ची संघाची पगारमर्यादा १९.८२ कोटी डॉलरवरून १८.२५ कोटींवर आली होती. जिमी गरॉपलो हा तेव्हाचा क्वार्टरबॅक एकटाच त्यातले अडीच कोटींहून जास्त खात होता. २०१८ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो तीनच सामने खेळला, २०२० मध्ये सहा. मधल्या २०१९ च्या हंगामात पूर्ण खेळला आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेला. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा मिळून करार साधारण ३.४ कोटींचा. म्हणजे नवख्याचा चार वर्षांचा खर्च गरॉपलोच्या दीड वर्षाच्या पगारातही बसत होता. वाचलेला पैसा बाकीच्या जागांवर लावता येणार होता.

तेव्हा जागेबद्दल शंका नव्हतीच. जॅक्सनव्हिल पहिल्या क्रमांकावर ट्रेव्हर लॉरेन्सला घेणार हे महिनोन् महिने ठरलेलं होतं. दुसरा क्रमांक न्यूयॉर्क जेट्सचा. तिथे जानेवारीतच रॉबर्ट सालेह मुख्य प्रशिक्षक होऊन गेले होते, जे त्याआधी फोर्टीनाइनर्सच्याच बचावाचे सूत्रधार होते. ५ एप्रिलला जेट्सनी सॅम डार्नल्डला कॅरोलायनाला पाठवलं आणि झॅक विल्सनचं नाव पक्कं झालं. उरले तिघे: अलाबामाचा मॅक जोन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स.

माणूस ओळखणं

इथून खरा कस लागतो. जोन्सच्या बाजूने युक्तिवाद सरळ होता. मुख्य प्रशिक्षक काइल शॅनहन यांचा हल्ला वेळेवर चालतो. क्वार्टरबॅकने ठरल्या पावलाला चेंडू सोडायचा, धावपटूला दिल्यासारखं दाखवून मधल्या पट्ट्यात फेकायचा. मॅट शॉब, कर्क कझिन्स, मॅट रायन हे सगळे शॅनहन यांच्या हाताखाली अशाच पद्धतीने बहरले. रायन तर २०१६ मध्ये त्यांच्याच योजनेत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पायाने फारसा न धावणारा, अचूक, डोकं शांत ठेवणारा असा तो नमुना. २०२० च्या हंगामात जोन्सने ४५०० यार्ड फेकले, ४१ टचडाऊन केले (टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं), फक्त चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, आणि ७७.४ टक्के फेकी पूर्ण झाल्या. अंतिम सामन्यात त्याच्या अलाबामाने फील्ड्सच्या ओहायो स्टेटला ५२-२४ असं लोळवलं. नमुना आणि माणूस तंतोतंत जुळत होते.

त्यात ३० मार्चची भर पडली. त्या दिवशी अलाबामात जोन्सचं दुसरं जाहीर सराव-प्रदर्शन होतं आणि त्याच दिवशी ओहायोत फील्ड्सचंही होतं. शॅनहन आणि जनरल मॅनेजर जॉन लिंच दोघेही अलाबामाला गेले. कोविडमुळे त्या वर्षी इंडियानापोलिसमधली एकत्रित चाचणी रद्द झाली होती, त्यामुळे कॉलेजच्या मैदानावरच्या या प्रदर्शनांना नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आलं होतं. 'प्रशिक्षक जिथे जातो तिथेच निवड' असा सोपा अर्थ लोकांनी काढला. पण पुढे १४ एप्रिलला फील्ड्सचं दुसरं प्रदर्शन झालं, १९ एप्रिलला लान्सचं. शॅनहन आणि लिंच दोन्हीकडे हजर होते. तिन्ही ठिकाणी हजेरी लावली म्हटल्यावर हजेरीतून काहीच सिद्ध होत नाही, हे तेव्हाच उमगायला हवं होतं. तरीही एप्रिलचा बराचसा काळ सट्टाबाजारात जोन्सच पुढे राहिला.

मला इथे सगळ्यात महत्त्वाची वाटते ती प्रतिध्वनीची बाब. दोन-चार वजनदार पत्रकारांनी जोन्सचं नाव घेतलं, आणि पुढे आलेल्या अंदाजांपैकी कितीतरी त्यांच्याच आधारावर उभे राहिले. असे शंभर अंदाज एका ओळीत मांडले म्हणजे शंभर पुरावे होत नाहीत. मूळ स्रोत दोन असतील तर पुरावे दोनच. ड्राफ्टच्या काळात दिशाभूल करायला संघ स्वतःहून धूर सोडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नाव वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं.

दुसऱ्या बाजूचा पुरावा थोडा होता, पण भक्कम होता. एक म्हणजे खुद्द किंमत. जोन्स तिसऱ्या क्रमांकाच्या तोलाचा आहे असं फोर्टीनाइनर्सच्या बाहेर फार थोड्यांना वाटत होतं. पुढे तो न्यू इंग्लंडकडे गेला तो पंधराव्या क्रमांकावर. बाराव्या क्रमांकावर बसून, फार तर तीन-चार पायऱ्या वर चढून जो मिळण्यासारखा होता, त्याच्यासाठी तीन पहिल्या फेऱ्या मोजायचं कारण काय? संघ बाजाराहून वेगळा विचार करत असेल हे शक्य होतं. पण एवढा जबर मोबदला माणूस सहसा अशा खेळाडूसाठी देतो ज्याच्यात आज नसलेलं काहीतरी उद्या दिसेल अशी आशा असते.

दुसरा पुरावा शॅनहन यांच्याच भूतकाळातला. वॉशिंग्टनने ग्रिफिनसाठी तो अवाढव्य सौदा केला तेव्हा संघ वडील माइक शॅनहन यांच्या हाती होता आणि हल्ल्याची योजना काइल आखत होते. पहिल्याच वर्षी त्यांनी ग्रिफिनच्या धावण्याभोवती नवा खेळ रचला आणि ग्रिफिन हल्ल्यातला सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत वॉशिंग्टनने कझिन्सलाही घेतलं होतं. लोकांना कझिन्स लक्षात राहिला. शिवाय फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये फोर्टीनाइनर्सना कॅन्सस सिटीकडून ३१-२० असा पराभव पत्करावा लागला होता, तोही पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅककडून. २०१७ मध्ये शॅनहन आणि लिंच यांच्या पहिल्याच ड्राफ्टला महोम्स उपलब्ध असताना त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर सॉलोमन थॉमस या बचावपटूला निवडलं होतं. महोम्स दहावा गेला.

आणि मग खुद्द लान्स. २०१९ मध्ये त्याने २८७ फेकी केल्या, २८ टचडाऊन, आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती नाही. त्याशिवाय ११०० यार्ड धावून १४ टचडाऊन. संघ १६-०. विरुद्ध बाजूही तितकीच जड होती. हे सगळं कॉलेजच्या खालच्या पातळीवर झालेलं, आणि २०२० मध्ये कोविडमुळे तो फक्त एक सामना खेळला. ड्राफ्टच्या रात्री वय वीस आणि आख्ख्या कारकिर्दीत ३१८ फेकी. पण नॉर्थ डकोटा स्टेटचा हल्ला बघितला तर त्यात शॅनहन यांची ओळखीची चाल दिसते. क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) पाठीशी उभा, मागे वाट मोकळी करणारा फुलबॅक, आधी धाव दाखवायची आणि मग फेकायचं. फील्ड्स मोठ्या पातळीवर तावून सुलाखून निघालेला होता. क्लेम्सनविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने सहा टचडाऊन फेकले होते. पण पद्धतीची जवळीक लान्सकडे जास्त होती, हे मी खात्रीने म्हणेन.

२८ एप्रिलच्या रात्रीचा कागद

फक्त तोवर उघड झालेली माहिती धरून अंदाज लिहायचा तर तो मी असा लिहीन: क्वार्टरबॅक ९७ टक्के. त्यात लान्स ४५, जोन्स ४०, फील्ड्स १२, बाकी सगळ्या शक्यता मिळून ३. निकाल माहीत असताना लान्सला ९० द्यायचा मोह होतो, तो आवरावा. त्या रात्री एवढी खात्री बाळगायला आधार नव्हता.

आकड्यात लिहिण्याचा फायदा मोजता येतो. प्रत्येक शक्यतेला दिलेला आकडा आणि घडलेली गोष्ट यांतल्या फरकाचा वर्ग करून बेरीज घेतली की अंदाजाचा दोष कळतो. बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. वरच्या कागदाची बेरीज ०.४८ येते. जोन्स ८०, लान्स १२, फील्ड्स ५, इतर ३ असं लिहिणाऱ्याची १.४२. 'जोन्सच येणार' एवढंच ठासून सांगणारा आणि 'कोणीही येऊ शकतो' म्हणून हात झटकणारा, दोघांनाही अशा मोजणीत लपायला जागा राहत नाही.

उरलेल्या फेऱ्या

पहिल्या फेरीवर सगळा प्रकाश असतो, पण संघाची नियत ओळखण्याचं खरं समाधान पुढे मिळतं. ड्राफ्टआधी सगळीकडे 'संघाच्या गरजा' म्हणून याद्या छापून येतात. त्यात आज कुठली जागा रिकामी आहे ते लिहिलेलं असतं. फोर्टीनाइनर्सच्या २०२१ च्या निवडी त्या याद्यांशी ताडून बघितल्या तर अर्ध्या विचित्र वाटतात. पुढच्या मार्चमध्ये कोणाचे करार संपणार, ही यादी घेऊन बसलं की त्या एकामागून एक जागेवर पडतात.

दुसऱ्या फेरीत ४८ व्या क्रमांकावर त्यांनी ॲरन बँक्स हा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या संरक्षक फळीतला खेळाडू, घेतला. त्याच फळीतल्या ट्रेंट विल्यम्सशी नुकताच सहा वर्षांचा १३.८ कोटींचा करार झालेला, सेंटर म्हणून ॲलेक्स मॅक आलेला, डाव्या गार्डवर लेकन टॉमलिन्सन भक्कम. मग गार्ड कशाला? बँक्स त्या वर्षी जवळजवळ खेळलाच नाही. पण टॉमलिन्सनचा करार त्या हंगामाबरोबर संपला, तो जेट्सकडे गेला आणि २०२२ पासून डाव्या गार्डवर बँक्स उभा राहिला.

कॉर्नरबॅकची, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूची, गोष्ट तशीच. रिचर्ड शर्मन गेला होता, जेसन व्हेरेट आणि के'वॉन विल्यम्स एकेका वर्षाच्या करारावर होते. तिसऱ्या फेरीत ॲम्ब्री थॉमस आला, पाचव्या फेरीत डिओमोडोर लेन्वार. थॉमसचा पहिला हंगाम बराच काळ खडतर गेला. पण ९ जानेवारी २०२२ ला लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध जादा वेळेत मॅथ्यू स्टॅफर्डचा शेवटचा चेंडू त्यानेच अडवला आणि संघ बाद फेरीत गेला. सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, जॅक्विस्की टार्टसुद्धा एका वर्षाच्या करारावर होता. पाचव्या फेरीत टॅलानोआ हुफांगा घेतला, टार्ट गेला, आणि २०२२ मध्ये हुफांगा लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

धावपटूंच्या बाबतीत जागा ओळखणं सोपं होतं, माणूस ओळखणं अशक्य. टेव्हिन कोलमन आणि जेरिक मॅकिनन निघून गेले होते, रहीम मोस्टर्टच्या कराराचं शेवटचं वर्ष होतं. संघाने चौथ्या फेरीतले दोन क्रमांक देऊन तिसऱ्या फेरीत ट्रे सर्मनला घेतलं आणि सहाव्या फेरीत १९४ व्या क्रमांकावर एलायजा मिचेलला. कुठल्याही हिशोबाने सर्मनवर जास्त विश्वास होता, कारण त्याच्यासाठी जास्त मोजलं होतं. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटमध्ये सर्मनला सामन्याच्या यादीतही जागा मिळाली नाही. मोस्टर्टला लवकर दुखापत झाली, मिचेल उतरला आणि १९ धावांत १०४ यार्ड काढले. हंगामअखेर त्याच्या नावावर ९६३ यार्ड होते. सर्मनला वर्षभरात संघाने सोडून दिलं. प्रशिक्षकवर्गाचं मत सरावशिबिरात बदलतं, ते बाहेरून दिसत नाही.

पुढच्या मार्चची हीच दृष्टी पहिल्या निवडीलाही लागू होती. लान्स आला की गरॉपलोला लगेच विकतील असं बहुतेकांचं भाकीत होतं. गरॉपलोचा करार २०२२ पर्यंत होता. त्याला ठेवलं, २०२१ चा बहुतेक हंगाम तोच खेळला, आणि जानेवारी २०२२ अखेर संघ एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यात रॅम्सकडून २०-१७ असा हरला.

पुढे काय झालं

अंदाज बरोबर येणं आणि निवड यशस्वी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अभ्यास करताना त्यांची सरमिसळ फार होते. लान्सने फोर्टीनाइनर्सकडून एकूण चार सामन्यांत सुरुवात केली. १८ सप्टेंबर २०२२ रोजी सिॲटलविरुद्ध सामन्याच्या पहिल्याच चतुर्थांशात, मुद्दाम त्याच्यासाठी आखलेल्या धावेत, त्याचा घोटा मोडला. गरॉपलो परत आला, डिसेंबरमध्ये त्याचंही पाऊल मोडलं, आणि मग २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी संघाला पुढे घेऊन गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये लान्स चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसकडे गेला. फोर्टीनाइनर्सनी दिलेला बारावा क्रमांक मायामीकडून ईगल्सकडे आणि तिथून डॅलसकडे फिरत गेला होता. त्या क्रमांकावर डॅलसने मायका पार्सन्सला घेतलं होतं.

या सगळ्यावरून 'शॅनहन यांना जोन्स नकोच होता' असं अनुमान काढलं गेलं. मला ते कधी पटलं नाही. मार्च २०२५ मध्ये फोर्टीनाइनर्सनी मॅक जोन्सला पर्डीचा राखीव म्हणून करारबद्ध केलं. त्या हंगामात पर्डीच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली तेव्हा शॅनहन यांची योजना मैदानावर जोन्सनेच चालवली. २०२१ च्या कागदावर त्याला ४० दिले होते ते मी आजही खोडणार नाही.